पेचकस घेताना टोक बघा

आपल्या वर्धा जिल्ह्यात अजूनही जुनी यामाहा आरएक्स 100 नाहीतर हिरो होंडाची सीडी 100 दिसते. दोन्ही 1985 साली आल्या. कोणी त्यावर दुधाचे कॅन नेतं, कोणी भाजी.

मागच्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका ताईंची अशीच गाडी बंद पडली. कार्बोरेटरच्या वाटीत कचरा अडकला होता. काम अर्ध्या तासाचं, पण पेचकस घसरून घसरून वाटीच्या एका स्क्रूची खाच पार गोल झाली. तो ड्रिलनं काढावा लागला, आणि चार दिवस दूध शेजाऱ्यांच्या गाडीवर गेलं. आम्हाला वाटलं, मुलाच्या हातात जोर नाही. खरं तर पेचकसच चुकीचा होता.

फुलीच्या खाचेचे सगळे स्क्रू सारखेच दिसतात. पण बाजारातला नेहमीचा स्टार पेचकस फिलिप्स पद्धतीचा असतो, आणि या गाड्यांची रचना जपानी असल्यानं त्यांचे बरेच स्क्रू जपानी मापाचे, म्हणजे जेआयएस. फिलिप्सचं टोक जास्त निमुळतं. जपानी खाचेत ते तळाला आधी टेकतं, बाजूच्या पाकळ्या खाचेत पूर्ण बसतच नाहीत. जोर लावला की पेचकस वर उचलला जातो आणि खाच सोलून काढतो. बऱ्याच जपानी स्क्रूंच्या डोक्यावर बारीक ठिपका असतो, तो बघा. मधल्या काळात कोणी दुसरा स्क्रू बसवला असेल तर गोष्ट वेगळी.

नंबरही महत्त्वाचा. कार्बोरेटरच्या वाटीला बहुतेक 2 नंबर लागतो, इंजिनाच्या बाजूच्या झाकणाच्या 6 मिलिमीटरच्या स्क्रूला 3 नंबर. घरात 2 नंबरच असतो, म्हणून तोच सगळीकडे चालवतात. निम्मं नुकसान तिथेच होतं, असं आमचं मत.

म्हणून गटाच्या कर्जातून हत्यारं घेणार असाल, तर तीस नगांचा चमकदार डबा नको. जेआयएस लिहिलेले 2 आणि 3 नंबरचे दोनच चांगले पेचकस घ्या. दुकानात नसतील तर मागवायला सांगा. ते साध्या फिलिप्स स्क्रूलाही चालतात. काही मिस्त्री फिलिप्सचं टोक थोडं घासून काम भागवतात. तेही जमतं, पण घासताना पाण्यात बुडवत राहावं, नाहीतर पोलाद तापून नरम पडतं.

झाकणाचा स्क्रू गंजून बसला असेल तर गंज सोडवणारं तेल टाकून रात्रभर ठेवा. मग हातोडीनं ठोकून फिरवायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा, त्यालाही टोक जपानी मापाचंच हवं. कार्बोरेटरवर मात्र हातोडी चालवू नका, तो धातू ठिसूळ असतो.

ताईंच्या मुलानं आता दोन्ही पेचकस वेगळ्या डब्यात ठेवलेत. पंख्याचे स्क्रू काढायला मागितले तर आईलाही देत नाही.