टाक्यांची छिद्रं वाचताना

ब्रिटिश पायदळातल्या अधिकाऱ्याचा समारंभी डगला टेबलावर उलगडला की सगळ्यांची नजर जरीकडे जाते. मी मात्र आधी अस्तर पाहते. काखेतले घामाचे डाग, झिजलेली शिवण, आतल्या खिशातली शिंप्याची चिठ्ठी; नशीब असेल तर तिच्यावर शाईनं लिहिलेलं मालकाचं नाव आणि साल. अधिकारी स्वतःच्या पैशानं गणवेश शिवून घ्यायचा. शिपायाचा सरकारी कोठारातून यायचा, म्हणून त्याच्या अस्तरावर बाणाचा सरकारी शिक्का असतो.

कापडातही हा भेद होता. अधिकाऱ्याची बनात किरमिजी किड्यांच्या रंगात रंगवलेली, झळझळीत लाल. शिपायाचा लाल रंग १८७० च्या दशकापर्यंत मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांपासून काढलेला, विटकरीकडे झुकणारा. उत्तम बनात इतकी घट्ट असते की कापलेली कड तशीच सोडली तरी धागे सुटत नाहीत. कड दुमडून शिवलेली दिसली की मी सावध होते.

मग कॉलर आणि कफ. १८८१ च्या फेररचनेत त्यांचे रंग ठरवून दिले गेले : इंग्लंड-वेल्सच्या रेजिमेंटांना पांढरा, स्कॉटिशांना पिवळा, आयरिशांना हिरवा आणि ‘रॉयल’ म्हणवणाऱ्यांना निळा. शतकभर जपलेला रंग गेल्याचं दुःख खोल होतं. बफ्ससारख्या रेजिमेंटांनी आपला जुना रंग पुढे परत मिळवलाच. काही ठिकाणी असा रंग नावातही उरला : भारतीय लष्करातल्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन ‘काली पांचवी’ म्हणून ओळखली जाते. तिच्या पूर्वजांच्या लाल डगल्याला काळी कॉलर आणि काळे कफ होते.

हुद्दा खांद्यावरच्या सोनेरी गोफावर वाचायचा, आणि खरी कसोटी इथेच लागते. दोन तारे असतील तर १९०२ पूर्वी तो कॅप्टन, त्यानंतर लेफ्टनंट. कारण त्या वर्षी कॅप्टनला तिसरा तारा मिळाला. चिठ्ठीवर साल नसेल तर मी बटणांवर मुकुट आहे का ते पाहते. १९०१ नंतरच्या मुकुटाच्या कमानी गोलसर, वर चढलेल्या. व्हिक्टोरियाच्या काळातला घाट वेगळा. पण बटणं बदलता येतात. म्हणून भिंगाखाली टाक्यांची जुनी छिद्रं शोधायची. तारा सरकवला असेल तर त्याच्या मूळ जागी छिद्रं राहतात, आणि झाकलेलं कापड भोवतालच्यापेक्षा ताजं दिसतं. ते दिसलं की मला त्या माणसाची बढती दिसते. ब्रिटिश पायदळातल्या गार्ड्स रेजिमेंटांच्या डगल्यांवर तर बटणांची मांडणीच रेजिमेंट सांगते : ग्रेनेडियर एकेक, कोल्डस्ट्रीम दोन-दोन, स्कॉट्स तीन-तीन, आयरिश चार-चार, वेल्श पाच-पाच.

घरातला असा जुना डगला माझ्याकडे आणणाऱ्यांची पहिली मागणी ठरलेली असते : जर चमकवून द्या. मी नाही म्हणते. ही कलाबतू आहे. रेशमाच्या धाग्याभोवती गुंडाळलेली, सोन्याचा अगदी पातळ मुलामा दिलेली चांदीची तार. हवेतल्या गंधकानं चांदी काळवंडते. पॉलिश घासलं तर काळेपणासोबत मुलामाही जातो, आणि उरलेला लेप धाग्यांत बसून बनात खराब करतो. बटणाखाली पत्रा सरकवून फक्त बटण घासणंही मला मान्य नाही. घासून घासून नक्षी सपाट होते आणि ओळखीची खूणच जाते. पाणी तर वर्ज्यच. लाल रंग सुटून पांढऱ्या कफात शिरला की तो परत निघत नाही.

धूळ काढायची ती मऊ ब्रशनं आणि जाळी धरलेल्या व्हॅक्यूमनं, अगदी कमी ओढीवर. कॉलरखाली, काखेत आणि घड्यांमध्ये कसर लागली आहे का ते बघायचं. अंडी-अळ्यांची शंका आली तर डगला टिश्यूसह पिशवीत हवाबंद करून उणे ३० अंशांना तीन दिवस, किंवा घरच्या फ्रीजरमध्ये उणे १८ ला दोन आठवडे. बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडायची नाही, नाहीतर कापडावर दव धरतं. जुन्या डगल्यांवर आर्सेनिकसारखी कीटकनाशकं मारलेली असू शकतात, म्हणून हातात नायट्राइलचे मोजे हवेतच.

जड जरीचा डगला हँगरवर टांगला की त्याचा सगळा भार खांद्याच्या शिवणीवर येतो. तो आम्लरहित पुठ्ठ्याच्या पेटीत आडवा ठेवते. बाह्यांत टिश्यूच्या मऊ गुंडाळ्या, आणि जिथे घडी टाळता येत नाही तिथेही गुंडाळीच. कडक घडीत कलाबतूची तार मोडते. प्रदर्शनात मांडायचा झाल्यास ५० लक्सपेक्षा जास्त उजेड नको. पेटी बंद करण्याआधी नोंदवहीत लिहिते : कोणतं बटण नंतरचं, कोणता टाका दुरुस्तीचा, छिद्रं कुठे. दुरुस्तीचे ते टाके मी उसवत नाही.