स्कोअर किती आला?

2021 च्या उन्हाळ्यात जालन्यात कुणी ‘स्कोअर किती?’ असं विचारलं, तर प्रश्न क्रिकेटचा क्वचितच असायचा. कोविडच्या रुग्णाच्या छातीच्या सीटी स्कॅनमध्ये, म्हणजे एचआरसीटीत, 25 पैकी 4 आले की चहा टाकला जायचा, 14 आले की घरात कुणी बोलायचं नाही.

पण हे 25 आले कुठून? उजव्या फुप्फुसाचे खंड तीन, डाव्याचे दोन (हृदयाला जागा करून दिल्यामुळे डावं जरा आटोपशीर). प्रत्येक खंडाला 0 ते 5 गुण. पाच टक्क्यांपेक्षा कमी भाग बाधित असेल तर 1, पाऊण भागाच्या वर गेला तर 5. हे सगळं नजरेच्या अंदाजानं, त्यामुळे दोन रेडिऑलॉजिस्टच्या आकड्यांत एखाद-दोन गुणांचा फरक पडला तर भांडायचं कारण नाही. आणि ही पद्धत काही कोविडनं आणली नाही, सार्सच्या रुग्णांसाठी ती आधीच वापरून झाली होती.

खरी गल्लत मात्र दुसरीकडे व्हायची. काही ठिकाणी स्कोअर 40 पैकी देत: फुप्फुसांचे 20 भाग, प्रत्येकी 0 ते 2. म्हणजे शेजारच्या काकांचे 12 आणि आपले 12 सारखे असतीलच असं नाही. एक जवळपास निम्मं, दुसरं तीस टक्के!

फिल्मवर दिसतं ते ‘ग्राउंड ग्लास’, म्हणजे न्हाणीघराच्या खिडकीची दुधी काच. मागची रक्तवाहिनी दिसते, पण धुक्यातून. तीही दिसेनाशी होऊन पांढरा ठोकळा उरला, की प्रकरण पुढे गेलेलं.

ही फिल्म काढणारं सीटी स्कॅनचं यंत्र घडवणारे गॉडफ्रे हाऊन्सफिल्ड ईएमआयचे इंजिनिअर. होय, बीटल्सच्या रेकॉर्डवाली कंपनी! पहिला रुग्ण 1 ऑक्टोबर 1971 ला, लंडनमध्ये, तोही मेंदूच्या तपासणीसाठी. 1979 मध्ये हाऊन्सफिल्डना नोबेल मिळालं.

सप्टेंबर 2020 मध्ये राज्य सरकारनं एचआरसीटीचे दर बांधून दिले: यंत्राच्या ताकदीप्रमाणे 2000, 2500 आणि 3000 रुपये. तेव्हा आरोग्यमंत्री होते आपल्याच घनसावंगीचे आमदार राजेश टोपे.

कोविडची लक्षणं सुरू झाल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत काढलेला सीटी साफ येऊ शकतो. तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका, बोटावरचा ऑक्सिमीटर बघत राहा. आणि कपाटावर पडलेली जुनी फिल्म रद्दीत घालू नका, पुढच्या वेळी डॉक्टर तीच आधी मागतील.