समुद्रकिनारी रिसॉर्ट

समुद्रकिनारी रिसॉर्ट हे समुद्राच्या सान्निध्यात काही दिवसांच्या विश्रांतीसाठी उभारलेले निवासी संकुल असते. खोली, भोजन, जलतरण तलाव, बाग, खेळ, मालिश व आयुर्वेदिक उपचार अशा सोयी त्यात एकाच आवारात मिळतात. साध्या हॉटेलात प्रवासी एखाद्या कामासाठी गेला असताना उतरतो. रिसॉर्टमध्ये मुक्काम हाच प्रवासाचा हेतू असतो. मराठी भाषकांच्या प्रदेशात या प्रकारच्या पंचतारांकित निवासाचे मुख्य क्षेत्र गोवा असून त्याखालोखाल सिंधुदुर्ग, रत्नागिरी व रायगड या जिल्ह्यांच्या किनाऱ्यांचा उल्लेख होतो.

अशा रिसॉर्टचे सर्वांत मोठे आकर्षण म्हणजे समोरचा किनारा. मात्र भारतात भरतीरेषा व ओहोटीरेषा यांमधील वाळूचा पट्टा रिसॉर्टच्या मालकीचा नसतो. तो सार्वजनिक असतो. मासेमार, स्थानिक रहिवासी, पर्यटक आणि रिसॉर्टमधील पाहुणे यांचा त्यावरील हक्क हा या व्यवसायाच्या इतिहासातील सततचा वादविषय राहिला आहे.

उगम

आरोग्यासाठी समुद्रस्नान करण्याची प्रथा अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये रूढ झाली आणि स्कारबरो, ब्रायटन यांसारखी किनारी गावे विश्रांतीस्थाने म्हणून वाढली. उष्णकटिबंधात हवाई बेटांवरील वायकिकी येथे १९०१ मध्ये मोआना हॉटेल सुरू झाले. १९५० मध्ये क्लब मेडिटेरानी या संस्थेने स्पेनच्या मायोर्का बेटावर राहणे, जेवण व खेळ यांची एकत्रित रक्कम आकारणारे सुट्टीचे वसतिस्थान उभारले. जेट विमानांमुळे प्रवास सोपा झाल्यावर ही कल्पना आशियात पसरली. श्रीलंकेत वास्तुरचनाकार जेफ्री बावा यांचे बेंटोटा बीच हॉटेल १९६९ मध्ये उभे राहिले, तर मालदीवमध्ये १९७२ मध्ये कुरुंबा हे पहिले रिसॉर्ट सुरू झाले. मालदीवमध्ये एक संपूर्ण बेट एका रिसॉर्टला भाडेपट्ट्याने देण्याची पद्धत आहे. भारतातील किनाऱ्यांवर मात्र पूर्वीपासून दाट वस्ती, मासेमारी व शेती असल्यामुळे रिसॉर्ट हे गावाच्या शेजारीच, किंबहुना गावातच उभे राहते.

गोव्यातील विकास

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाला. त्यानंतरच्या दशकात कळंगुट, बागा व हणजूण येथे पाश्चात्त्य हिप्पी तरुणांची वर्दळ वाढली. ते प्रामुख्याने स्थानिकांच्या घरांत किंवा झोपड्यांत राहत. आलिशान निवासाचा प्रारंभ १९७४ मध्ये झाला. त्या वर्षी इंडियन हॉटेल्स कंपनीने शिकेरी येथे, सतराव्या शतकातील आग्वाद किल्ल्याच्या तटबंदीलगत, ताज समूहाचे फोर्ट आग्वाद बीच रिसॉर्ट सुरू केले.

नोव्हेंबर १९८३ मध्ये राष्ट्रकुल राष्ट्रप्रमुखांची परिषद नवी दिल्लीत भरली होती. तिचा विश्रांतीकाळ गोव्यात पार पडला व राष्ट्रप्रमुखांचा मुक्काम शिकेरीच्या या रिसॉर्टमध्ये होता. त्यामुळे गोव्याच्या किनाऱ्याला जागतिक प्रसिद्धी मिळाली. याच काळात दोना पावलाजवळच्या वायंगिणी किनाऱ्यावर चार्ल्स कोरिया यांनी रचना केलेले सिदाद दे गोवा हे हॉटेल उभे राहिले. पुढे दक्षिण गोव्यातील मोबोर, उतोर्डा, आरोशी या किनाऱ्यांवरही मोठी संकुले झाली.

चार्टर विमानांनी येणाऱ्या परदेशी पर्यटकांवर आधारलेल्या या विस्ताराला विरोधही झाला. १९८० च्या दशकात 'जागृत गोंयकारांची फौज' या गटाने आलिशान पर्यटनाविरुद्ध निदर्शने केली. पाणी, जमीन व किनारा यांचा लाभ मूठभरांना मिळतो आणि भार गावावर पडतो, हा आक्षेपांचा मुख्य रोख होता.

महाराष्ट्राचा किनारा

महाराष्ट्राला सुमारे ७२० किलोमीटर लांबीचा किनारा लाभला आहे. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने गणपतीपुळे, हरिहरेश्वर, वेळणेश्वर, तारकर्ली इत्यादी ठिकाणी पर्यटक निवास उभारले. १९८१ मध्ये रत्नागिरीपासून वेगळा झालेला सिंधुदुर्ग जिल्हा १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून घोषित करण्यात आला. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण क्षमतेने सुरू झाली, तर ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपी येथील सिंधुदुर्ग विमानतळाचे उद्घाटन झाले.

तरीही कोकणात गोव्याप्रमाणे पंचतारांकित संकुलांची रांग उभी राहिली नाही. येथे महामंडळाची निवासस्थाने, छोटी खासगी हॉटेले आणि घरगुती 'निवास व न्याहारी' यांचे प्रमाण मोठे आहे. नारळी-पोफळीच्या वाडीतील दोन-चार खोल्या पाहुण्यांना देणारे कुटुंब स्वतःच स्वयंपाक करते व मिळकत घरातच राहते. आलिशान रिसॉर्टमध्ये सोयी अधिक असतात आणि नियमित पगाराच्या नोकऱ्या निर्माण होतात. परंतु नफ्याचा मोठा भाग गावाबाहेरील भांडवलदाराकडे जातो. विकासाच्या या दोन मार्गांची तुलना कोकणातील पर्यटनविषयक चर्चेत वारंवार होते.

रचना व सेवा

उष्णकटिबंधीय किनाऱ्यावरील वास्तूला ऊन, दमट हवा, खारे वारे व मुसळधार पाऊस यांना तोंड द्यावे लागते. त्यामुळे उतरती कौलारू छपरे, खोल ओसऱ्या, समोरासमोर खिडक्या आणि जांभा दगडाच्या भिंती या कोकण-गोव्यातील पारंपरिक घरांच्या वैशिष्ट्यांचा वापर अनेक रिसॉर्ट करतात. खाऱ्या हवेने लोखंड लवकर गंजत असल्याने देखभालीचा खर्च शहरी हॉटेलपेक्षा अधिक असतो.

भारतात हॉटेलांना तारांकित दर्जा केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या वर्गीकरण समितीच्या तपासणीनंतर मिळतो. एक ते पाच तारे व त्यावर 'पंचतारांकित डीलक्स' अशी श्रेणी आहे. खोलीच्या दरात कोणते जेवण धरले आहे, यावरून चार प्रकार प्रचलित आहेत :

• युरोपियन प्लॅन – केवळ खोली
• कॉन्टिनेंटल प्लॅन – खोली व न्याहारी
• मॉडिफाइड अमेरिकन प्लॅन – खोली, न्याहारी व एक मुख्य जेवण
• अमेरिकन प्लॅन – खोली व तिन्ही वेळचे खाणे

प्रतिदिन ७,५०० रुपयांपेक्षा अधिक भाड्याच्या खोलीवर वस्तू व सेवा कर २०१७ मध्ये २८ टक्के होता. ऑक्टोबर २०१९ पासून तो १८ टक्के करण्यात आला. खोली सामान्यतः दुपारी ताब्यात मिळते व दुसऱ्या दिवशी सकाळी उशिरा किंवा दुपारी सोडावी लागते. त्यामुळे एका रात्रीच्या मुक्कामात प्रत्यक्ष पूर्ण दिवस मिळत नाही.

हंगाम व सुरक्षितता

ऑक्टोबर ते मार्च हा कोकण व गोव्यातील मुख्य हंगाम असून नाताळ ते नववर्ष या काळात दर सर्वाधिक असतात. जून ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे समुद्र खवळलेला असतो व जलक्रीडा बंद ठेवल्या जातात. पावसाळ्यात रिसॉर्टचे दर उतरतात, मात्र समुद्रात उतरणे धोक्याचे असते.

किनाऱ्यावरील बुडण्याच्या घटनांचे एक प्रमुख कारण म्हणजे परतीचा प्रवाह. लाटांनी किनाऱ्याकडे आणलेले पाणी वाळूच्या दांड्यामधील अरुंद वाटेने वेगाने समुद्राकडे परतते. अशा जागी लाटा कमी फुटत असल्याने पाणी वरून शांत दिसते व अनोळखी माणूस नेमका तेथेच उतरतो. प्रवाहात सापडल्यास थेट किनाऱ्याच्या दिशेने पोहण्याने शक्ती संपते. किनाऱ्याला समांतर पोहून प्रवाहाबाहेर येणे व मग परतणे हा सुटकेचा मार्ग आहे. गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर संघटित जीवरक्षक सेवा कार्यरत असून धोक्याच्या जागी लाल बावटे लावले जातात.

अंतर्भागातील पर्यटक

समुद्र हा नेहमीच्या अनुभवाचा भाग नसलेल्या जिल्ह्यांतील प्रवाशांच्या बाबतीत वरील माहितीचे महत्त्व अधिक आहे. विदर्भातील वाशीम जिल्हा हे त्याचे उदाहरण होय. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याच्या विभाजनातून निर्माण झालेला हा जिल्हा अरबी समुद्रापासून सरळ रेषेत चारशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. वाशीम शहर अकोला–पूर्णा लोहमार्गावर असून मुंबईकडे जाणाऱ्या मुख्य मार्गासाठी अकोला हे सोयीचे जंक्शन आहे. कारंजा, मंगरूळपीर व मालेगाव तालुक्यांतून जाणारा ७०१ किलोमीटर लांबीचा नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाल्याने किनाऱ्याकडील रस्ताप्रवासाचा वेळ घटला आहे. तथापि, कोकणात किंवा गोव्यात जाण्यासाठी पुढे आणखी मोठा प्रवास उरतोच. त्यामुळे येथील कुटुंबांना जाण्यायेण्याचे दिवस धरूनच मुक्कामाचा हिशेब करावा लागतो. शाळांच्या उन्हाळी सुट्टीचा उत्तरार्ध पावसाळ्याच्या तोंडावर येतो, तर दिवाळीची सुट्टी समुद्र शांत असण्याच्या काळात पडते.

किनारा कोणाचा?

किनारा सर्वांचा, ही कल्पना प्राचीन आहे. इ.स. ५३३ मधील जस्टिनियनच्या रोमन विधिग्रंथात हवा, वाहते पाणी, समुद्र व समुद्रतट या सर्वांच्या सामाईक वस्तू मानल्या आहेत. नैसर्गिक संपत्तीचे शासन हे मालक नसून जनतेच्या वतीने विश्वस्त आहे, हे सार्वजनिक विश्वस्त तत्त्व भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये 'एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ' या खटल्यात स्वीकारले. तो खटलाही हिमाचल प्रदेशात बियास नदीकाठी असलेल्या एका रिसॉर्टशी संबंधित होता.

तत्पूर्वी, १९८१ मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा बांधकामापासून मुक्त ठेवण्यास सांगितले होते. १९ फेब्रुवारी १९९१ रोजी किनारी नियमन क्षेत्र अधिसूचना लागू झाली. तिच्यानुसार ग्रामीण किनाऱ्यांवर भरतीरेषेपासून २०० मीटर हे विकासबंदीचे क्षेत्र ठरले. २०० ते ५०० मीटर या पट्ट्यात पुढील प्रमुख अटींवर रिसॉर्टला परवानगी मिळू शकत होती :

• इमारतीची उंची ९ मीटरपर्यंत व मजले दोनपेक्षा अधिक नसावेत.
• विकासबंदीच्या पट्ट्यात भूजलाचा उपसा करू नये.
• प्रक्रिया न केलेले सांडपाणी समुद्रात किंवा किनाऱ्यावर सोडू नये.
• लोकांना किनाऱ्यावर जाता यावे म्हणून दोन हॉटेलांच्या मध्ये किमान २० मीटर रुंदीची जागा मोकळी सोडावी.

भूजलविषयक अटीमागे शास्त्रीय कारण आहे. किनाऱ्याखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. त्याचा अतिरिक्त उपसा झाल्यास खारे पाणी वर येते आणि शेजारच्या विहिरी निकामी होतात.

१९९४ मध्ये केंद्राने या अधिसूचनेत दिलेल्या काही सवलती सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये रद्द केल्या. २०११ मध्ये नवी अधिसूचना आली. तिची जागा घेणारी अधिसूचना जानेवारी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा अधिक लोकवस्ती असलेल्या ग्रामीण भागात विकासबंदीचा पट्टा ५० मीटरपर्यंत कमी करण्यात आला. इतर ग्रामीण भागात तो २०० मीटरच राहिला.

वायंगिणी प्रकरण

किनाऱ्याकडे जाणाऱ्या वाटेचा प्रश्न सर्वाधिक स्पष्टपणे गोव्यातील वायंगिणी प्रकरणात पुढे आला. सिदाद दे गोवा हॉटेलच्या कंपनीसाठी शासनाने काही जमीन संपादित केली, तेव्हा १९८३ च्या करारात किनाऱ्यावर जाणारी लोकांची वाट खुली ठेवण्याची अट होती. हॉटेलच्या विस्तारित बांधकामाने ही अट मोडल्याची तक्रार उच्च न्यायालयात दाखल झाली व निकाल तक्रारदारांच्या बाजूने लागला. २० जानेवारी २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. सार्वजनिक विश्वस्त तत्त्वाचा आधार घेऊन न्यायालयाने किनाऱ्यावर जाण्याचा लोकांचा हक्क मान्य केला व अटीविरुद्ध झालेले बांधकाम पाडण्याचा आदेश दिला.

त्याच वर्षी गोवा शासनाने भूसंपादन कायद्यात पूर्वलक्षी दुरुस्ती करून या बांधकामाला संरक्षण दिले. या दुरुस्तीला आव्हान देण्यात आले. परंतु २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिची वैधता मान्य केली. तरी २००९ च्या निकालातील विश्वस्त तत्त्वाचे विवेचन किनाऱ्यावरील लोकहक्कांच्या संदर्भात महत्त्वाचे मानले जाते.

पारंपरिक उपयोग व पर्यावरण

मासेमारांसाठी वाळूचा पट्टा हे कामाचे ठिकाण आहे. होड्या ओढून ठेवणे, जाळी दुरुस्त करणे, मासळी सुकवणे ही कामे तेथे होतात. रापण या पद्धतीत होडीतून समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडलेले लांब जाळे माणसांच्या दोन रांगा किनाऱ्यावरून ओढतात. त्यासाठी वाळूचा सलग मोकळा पट्टा आवश्यक असतो; खाटा, छत्र्या व कुंपणे यांमुळे तो तुटतो.

ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे गोव्यात मोरजी, आगोंद व गालजीबाग येथे, तर रत्नागिरी जिल्ह्यात वेळास येथे अंडी घालतात. रात्री अंड्यांतून बाहेर पडलेली पिल्ले क्षितिजावरील उजेडाच्या दिशेने समुद्राकडे जातात. किनाऱ्यालगतच्या प्रखर दिव्यांमुळे ती जमिनीकडे वळतात व मरतात. म्हणून विणीच्या काळात किनाऱ्याकडील दिवे मंद ठेवणे किंवा झाकणे हा संवर्धनाचा भाग ठरतो. वाळूच्या टेकड्या व त्यांवरील वेली वादळी लाटांपासून जमिनीचे रक्षण करतात. समुद्राचे दृश्य मोकळे करण्यासाठी त्या सपाट केल्यास धूप वाढते आणि कालांतराने ज्या किनाऱ्यासाठी रिसॉर्ट उभारले, तोच अरुंद होत जातो.

जाहिरातींतील 'खासगी किनारा' हा शब्दप्रयोग भारतात या अर्थाने मर्यादित आहे. रिसॉर्टला आपल्या आवारातून किनाऱ्याकडे जाणाऱ्या वाटेवर नियंत्रण ठेवता येते, परंतु भरती-ओहोटीच्या पट्ट्यात चालणाऱ्याला अडवण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही.