‘चालत नाही’ : शालेय भोजनातील आहारभेद आणि त्यांचे व्याकरण

शाळेत दुपारी मुलांना जेवू घालण्याची जबाबदारी ज्या ज्या देशांत सरकारने अंगावर घेतली, त्या त्या देशांत एक प्रश्न लवकरच उभा राहिला. धर्माने, जातीने अथवा घरच्या रीतीने ज्या मुलास अमुक एक पदार्थ वर्ज्य आहे, त्याच्या ताटाचे काय करावयाचे? हा प्रश्न सामान्यतः आहारशास्त्राचा, कायद्याचा किंवा राजकारणाचा समजला जातो. भाषेच्या अभ्यासकाचा त्यात काय संबंध, असे वाचकास वाटणे स्वाभाविक आहे. परंतु या वादातील मागण्यांची भाषा बारकाईने पाहिली म्हणजे असे आढळते की, परस्परांहून सर्वस्वी भिन्न अशा मागण्या तीत एकाच नावाखाली वावरत असतात. त्या वेगळ्या करून दाखविणे एवढाच प्रस्तुत लेखाचा मर्यादित हेतू आहे.

प्रथम वस्तुस्थिती थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. कामराज यांनी १९५६ मध्ये तत्कालीन मद्रास राज्यात शालेय भोजनाची योजना सुरू केली, एम. जी. रामचंद्रन यांनी १९८२ मध्ये तिचा मोठा विस्तार केला. केंद्र सरकारची योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. शिजविलेले अन्नच दिले पाहिजे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी दिला आणि योजनेस आज आहे ते रूप आले. प्राथमिक वर्गातील मुलास या भोजनातून ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे तिचे मान आहे. महाराष्ट्रात ‘शाळेतली खिचडी’ हा शब्दप्रयोग योजनेच्या नावापेक्षा अधिक रूढ झाला, यावरून तिच्या पाककृतींचा आवाका ध्यानात येईल. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने आठवड्यातून एक अंडे देण्याचे ठरविले. जी मुले अंडे खात नाहीत त्यांस केळे अथवा अन्य फळ द्यावयाचे होते. निर्णय होताच त्यास विरोधही झाला. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठी मिळणारा शासकीय निधी थांबला आणि ते देणे न देणे शाळांवर व लोकवर्गणीवर सोपविण्यात आले.

आता शब्दांकडे वळू. आहारभेदाची नोंद करताना आपण बहुधा दोनच रकाने आखतो : शाकाहारी आणि मांसाहारी. त्रुबेत्स्कॉयने १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ध्वनींच्या विरोधाचे जे प्रकार सांगितले, त्यांपैकी तीन येथे उपयोगी पडतात. ‘सामिष–निरामिष’ या जोडीत आमिष हे लक्षण असते किंवा नसते. हा अभावमूलक विरोध होय. (याच ‘आमिष’ शब्दाला मराठीत प्रलोभनाचा अर्थ आला, तो गळाला लावलेल्या मांसावरून.) ‘व्हेज–नॉनव्हेज’ या जोडीतही विरोध अभावमूलकच आहे, पण उलट्या बाजूने, तेथे शाकान्न हे मूळ आणि बाकी सारे त्याचा नकार. ‘शाकाहारी–मांसाहारी’ ही जोडी मात्र दोन स्वतंत्र लक्षणांची, म्हणजे समबल आहे. नावे अशी तीन तऱ्हांची असली, तरी प्रत्यक्ष व्यवहार यांपैकी कोणत्याच साच्यात बसत नाही. कंदमुळे न खाणारा, कांदालसूण टाळणारा, अंडे खाणारा पण मांस न खाणारा, मासे खाणारा पण मटण न खाणारा, अशी ती एक चढती श्रेणी आहे. त्रुबेत्स्कॉयच्या परिभाषेत क्रमिक विरोध. आणि हलाल असेल तरच मांस खाणारा या श्रेणीतही कोठे बसवावा? अंड्याचे तर नेमके स्थान भाषेने कधीच ठरविले नाही. ते ज्या रकान्यात टाकावे त्या रकान्यातील लोकांशी वाद होतो.

मराठी घरात पाहुण्याला ‘आपण शाकाहारी का?’ असे फारसे कोणी विचारीत नाही. ‘कांदालसूण चालतो ना?’ असे विचारतात. ‘चालणे’ या क्रियापदाचा हा उपयोग मोठा सूक्ष्म आहे. ‘मला अंडे आवडत नाही’ यात रुची आहे. ‘मी अंडे खात नाही’ यात निश्चय आहे. ‘मला अंडे चालत नाही’ यात वक्त्याच्या इच्छेहून निराळा असा एक नियम गृहीत आहे, आणि तो नियम त्याने आपल्यापुरता मान्य केलेला आहे. शिवाय हा नियम काळाने बदलू शकतो : आज संकष्टी आहे म्हणून चालत नाही, श्रावण आहे म्हणून चालत नाही. रमजानचा उपवास धरलेल्या मुलाला दुपारी काहीच चालत नाही, संध्याकाळी चालते. घरातही तो सर्वांस सारखा नसतो. वडिलांच्या गळ्यात माळ आहे आणि मुलगा मासे खातो, अशी घरे आपल्याकडे कमी नाहीत. ‘शाकाहारी’ हे विशेषण माणसाला कायमचे चिकटते. ‘चालत नाही’ हे विधान त्या ताटापुरते, त्या दिवसापुरते राहते.

या क्रियापदाभोवती जी विभक्ती येते, तीत प्रस्तुत प्रश्नाचे मर्म आहे. ‘मला चालत नाही’ ही चतुर्थी. येथे नियमाची मर्यादा बोलणाऱ्याच्या ताटाशी संपते. शेजारच्याने काय खावे याविषयी हे वाक्य मौन पाळते. ‘आमच्यात चालत नाही’ ही सप्तमी. नियम आता समाजाचा झाला, परंतु ‘आमच्यात’ म्हणताना ‘तुमच्यात चालत असेल’ हे मान्यच असते. ‘शाळेत चालत नाही’ हीही सप्तमीच. पण शाळा ही कोणा एका ‘आम्हां’ची नसल्यामुळे हे वाक्य ज्यांस अंडे चालते त्यांच्याही ताटावर सत्ता सांगते. पहिल्या दोन वाक्यांची सोय करणे शाळेचे कर्तव्य आहे, याविषयी दुमत नसावे. तिसऱ्या वाक्यात सोय मागितलेलीच नाही. त्यात मनाई मागितली आहे.

आणखी एक वाक्य उरते, ते षष्ठीचे : ‘तिच्या हातचे चालत नाही.’ ‘हातचे’ हा मराठीतील मोठा गोड प्रयोग आहे. आईच्या हातची आमटी, आजीच्या हातचे लाडू असे म्हणताना पदार्थापेक्षा हाताचेच कौतुक असते. त्याच शब्दाने शतकानुशतके माणसे पंक्तीबाहेर बसविली, हेही तितकेच खरे. शालेय भोजनात स्वयंपाकी व मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती व जमाती यांस प्राधान्य द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २० एप्रिल २००४ च्या आदेशात म्हटले, ते या षष्ठीस उद्देशूनच. तरीही डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडातील चंपावत जिल्ह्यात सूखीढांग येथील शाळेत दलित स्वयंपाकिणीच्या हातचे अन्न सवर्ण मुलांनी नाकारले. तिला प्रथम काढून टाकण्यात आले व नंतर पुन्हा कामावर घेण्यात आले. त्या ताटात वर्ज्य असा एकही पदार्थ नव्हता.

या चारही वाक्यांचे नामात रूपांतर केले म्हणजे काय होते पाहा : ‘आहारविषयक धार्मिक भावना’. या शब्दसमूहात ना चतुर्थी, ना सप्तमी, ना षष्ठी. भावना कोणाची, ताट कोणाचे, हात कोणाचा, हे सर्व त्यात लुप्त होते. ‘आहारविषयक भावनांचा आदर व्हावा’ या विनंतीस नकार देणे कठीण आणि होकार देणे धोक्याचे असते, याचे कारण हे आहे. अशा विनंतीचे प्रथम क्रियापदात रूपांतर करून घ्यावे आणि ‘कोणाला चालत नाही?’ असे विचारावे, ही व्याकरणाची सामान्य चाचणी येथे पुरेशी होते.

सर्वांसच जे चालते तेवढेच शिजवावे, म्हणजे प्रश्नच मिटला, असा एक तोडगा नेहमी सुचविला जातो. या तोडग्याची परीक्षा फ्रान्सच्या उदाहरणाने चांगली होते. शाल-स्यूर-सोन या शहरात डुकराचे मांस न खाणाऱ्या मुलांस १९८४ पासून पर्यायी ताट मिळत असे. २०१५ मध्ये महापौरांनी धर्मनिरपेक्षतेच्या नावाने ते बंद केले. तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ११ डिसेंबर २०२० रोजी निर्णय दिला की, असे पर्यायी ताट देणे बंधनकारक नाही. परंतु धर्मनिरपेक्षतेचे तत्त्व त्याच्या आड येत नाही. दरम्यान २०१८ च्या एका कायद्याने शाळांतून आठवड्यातून एकदा मांसमासळीविरहित जेवण आले, आणि त्या दिवशी मुसलमान, यहुदी व इतर मुले सहजच एका ताटाची झाली. फ्रान्समध्ये हे सामाईक ताट वाढविल्याने कोणाचे काही गेले नाही, कारण उरलेल्या दिवशी प्रथिनांची ददात नव्हती. आपल्याकडे सामाईक ताट म्हणजे अंडे काढून घेतलेले ताट. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी आढळली. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात, एका केळ्यात सुमारे १ ग्रॅम. तेव्हा अंडे न खाणाऱ्या मुलास केळे देणे हीदेखील पुरती सोय नव्हे. मूठभर शेंगदाणे वा चणे त्याहून बरे. त्या मुलाच्या वर्ज्यावर्ज्याची दखल घेतली, भुकेची घेतली नाही, असा तो प्रकार आहे.

शहरांतून स्वयंपाक आता मध्यवर्ती स्वयंपाकगृहांत होऊन गाडीने शाळेत येतो. तेथे ‘हातचे’चा प्रश्न दिसेनासा होतो, पण त्याच्या जागी नवे वाक्य येते : ‘आमच्याकडे ते शिजत नाही.’ अक्षयपात्र या बंगळुरूच्या मोठ्या संस्थेच्या जेवणात कांदालसूण नसते, आणि त्यावरून कर्नाटकात २०१८–१९ मध्ये बराच वाद झाला. ‘शिजविणे’ हे सकर्मक क्रियापद सोडून ‘शिजणे’ हे अकर्मक घेतले की कर्ता पडद्याआड जातो. नियम येथे जेवणाऱ्याचाही नाही आणि पालकाचाही नाही. तो वाढणाऱ्याचा आहे. संस्थेने आपले व्रत पाळावे. मात्र जे तेथे शिजत नाही ते शाळेत निराळ्या पातेल्यात उकडून देण्याची व्यवस्था शासनाने केली पाहिजे. अंडे उकडावयास पातेले, पाणी आणि विस्तव यांहून अधिक काही लागत नाही, आणि ज्या घरी ते चालत नाही त्या घरच्या मुलाची खिचडी त्या पातेल्यापासून दूर ठेवणेही अवघड नाही.

पालकांकडून भरून घ्यावयाच्या कागदाविषयी एक सूचना करावीशी वाटते. त्यात दोन रकाने नसावेत; एक ओळ मोकळी असावी : ‘आपल्या पाल्यास काय चालत नाही, आणि कोणत्या दिवशी?’ प्रश्नात ‘पाल्यास’ ही चतुर्थी असल्याने उत्तरही चतुर्थीतच येईल. शाळेत काय चालू नये, हे लिहिण्यास त्या ओळीत जागा राहणार नाही.