तबकड्यांचा हिशेब

चार हजार रुपयांत किती चित्रपट येतात, हा प्रश्न आमच्या बडोद्यातील लहानशा मराठी ग्रंथालयाच्या समितीपुढे आला, आणि दोन तास चहा निवत राहिला. ज्या गावच्या कलाभवनात दादासाहेब फाळके छायाचित्रण शिकले, त्या गावात हा वाद मोठ्या आवाजात झाला तर नवल नाही!

माझा हट्ट सत्यजित राय यांच्या अपू-चित्रत्रयीचा. १९९३ साली लंडनमधील आगीत तिच्या मूळ निगेटिव्ह होरपळल्या. पुढे इटलीत, बोलोन्याच्या कारागिरांनी वाचला तेवढा भाग हातांनी सांधला आणि २०१५ साली 'क्रायटेरियन'ने अमेरिकेत नवी आवृत्ती काढली. एवढे पुराण सांगून मी सभा जिंकलीच होती. इतक्यात चिटणीसांनी शांतपणे विचारले, "पण आपल्या यंत्रावर चालेल का?"

चालणार नव्हती. त्या ब्लू-रे तबकड्या 'ए' विभागासाठी बांधलेल्या. आपला देश 'सी' विभागात. म्हणजे तबकडीपाठोपाठ नवे यंत्रही आलेच. मी गप्प बसलो.

मग 'कुंकू' निघाले. शांतारामबापूंनी १९३७ साली तो मराठीत आणि 'दुनिया न माने' या नावाने हिंदीतही केला. हिंदी घ्या, गुजराती सुनांनाही कळेल, असे काहींचे म्हणणे. खोटे नाही, आमच्याही घरी जेवताना तीन भाषा चालतात. पण हिंदी कोठेही पाहता येईल. ना. ह. आपट्यांची 'न पटणारी गोष्ट' ज्या कपाटात आहे, त्यात शांता आपटे यांची मराठी नीरा नको? सुनांसाठी उपशीर्षकांची प्रत शोधली, थोडी महाग पडली.

खरी झोंबाझोंबी 'संत तुकारामा'वर झाली. दामले-फत्तेलालांचा हा १९३६ चा चित्रपट पुढच्या वर्षी व्हेनिसला गौरवला गेला, हे सर्वांना पाठ. पण कोणती प्रत घ्यावी, हे कोणी पाहिले नव्हते. स्वस्त प्रत लावली, तो पागनिसांचा अभंग मध्येच तुटला! दुसरी दुप्पट किमतीची, पण अखंड, आणि खाली इंग्रजी अक्षरे. एक आजोबा रोज वर्तमानपत्र वाचायला येतात. कानांनी जवळजवळ अधू. नातवाला मराठी वाचता येत नाही. ही तबकडी लावली, तर नातू अक्षरे वाचील आणि आजोबांना अभंग तोंडपाठच आहेत, असे चिटणीस म्हणाले. मत घ्यावेच लागले नाही.

चारांच्या जागी दोनच चित्रपट आले. उरलेले तीनशे रुपये यंत्रासाठी बाजूला ठेवले. चिटणीसांनी वहीत तसे निराळे खातेही उघडले आहे. पहिले शंभर माझे.