बुद्धिबळातील अंत्यपर्व : अल्प लाभाचे विजयात रूपांतर

प्रस्तावना

बुद्धिबळाच्या डावात दोन्ही वजीर पटावरून गेले आणि मोजके मोहरे उरले, की डाव संपत आला असे पाहणाऱ्यास वाटते. वस्तुतः खेळाडूच्या ज्ञानाची खरी कसोटी येथूनच सुरू होते. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांमध्ये उत्तम सुरुवात करणारे आपले विद्यार्थी सरस स्थितीत बरोबरी स्वीकारताना, किंवा घाई करून हातचा डाव घालविताना दिसतात. तामलवाडीसारख्या, सोलापूर-तुळजापूर मार्गावरील गावातून येणाऱ्या विद्यार्थ्याला नियमित प्रशिक्षक लाभणे कठीण असते. त्याचा गेलेला अर्धा गुण पुष्कळदा बुद्धीच्या उणिवेने गेलेला नसतो. अंत्यपर्वाची पद्धत त्याला कोणी शिकविलेली नसते. प्रस्तुत लेखात या पद्धतीचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

अल्प लाभ म्हणजे काय ?

दोन्ही बाजूंचे बळ सारखे असूनही एकाचा राजा पटाच्या मध्यभागी व दुसऱ्याचा कोपऱ्यात असू शकतो. एकाचा हत्ती मोकळा व दुसऱ्याचा प्याद्याच्या राखणीत अडकलेला असू शकतो. यास स्थितिगत लाभ म्हणता येईल. असा लाभ आपोआप गुणात रूपांतरित होत नाही. प्रतिपक्षाने अचूक बचाव केल्यास तो विरून जातो. म्हणून त्याचे रूपांतर क्रमाने करावे लागते.

रूपांतराची तीन सूत्रे

पहिले सूत्र राजाच्या सक्रियतेचे. डावाच्या मध्यात किल्लेकोटाआड लपणारा राजा अंत्यपर्वात लढणारा मोहरा बनतो. 1924 च्या न्यूयॉर्क स्पर्धेतील कापाब्लांका विरुद्ध तार्ताकोवर हा डाव याचे प्रसिद्ध उदाहरण होय. कापाब्लांकाच्या हत्तीने सातव्या पट्टीवरून काळ्या राजाला जखडले होते. तेव्हा त्याने आपली दोन प्यादी, तीही शह सोसून, मारू दिली आणि राजाला एफ ६ या घरापर्यंत नेले. वाटेतील काळे प्यादे न मारता त्याच्याच आडोशाला राजा उभा केला, जेणेकरून काळ्या हत्तीला त्या उभ्या पट्टीतून शह देता येऊ नये. प्याद्यांच्या संख्येपेक्षा राजाचे स्थान मोलाचे ठरले व डाव जिंकला गेला.

दुसरे सूत्र दोन दुर्बलतांचे. प्रतिपक्षाचे एकच प्यादे कच्चे असेल, तर त्याचे रक्षण बहुधा होऊ शकते. शेताच्या एका टोकाची राखण एकटा राखणदार करू शकतो; दोन्ही टोकांना एकाच वेळी पाखरे उतरली की तो अपुरा पडतो. त्याप्रमाणे पटाच्या दुसऱ्या बाजूस नवे लक्ष्य निर्माण करावे. ज्याचे मोहरे मोकळे असतात तो एका लक्ष्यावरून दुसऱ्याकडे लवकर वळतो. बचाव करणारा एका चालीने मागे पडतो.

तिसरे सूत्र संयमाचे. पांढरा राजा ई ४ वर, काळा राजा ई ६ वर आणि पांढऱ्याचे एकमेव प्यादे ई ३ वर आहे असे समजू. चाल पांढऱ्याची असेल तर त्याच्याच राजाला बाजूला व्हावे लागते आणि डाव बरोबरीत सुटतो. तेच प्यादे ई २ वर असेल, तर पांढरा ते ई ३ वर नेतो. आता चाल काळ्याची ठरते, काळा राजा वाट सोडतो आणि पांढरा जिंकतो. एक घर मागे असलेले प्यादे येथे अधिक उपयोगी ठरते, कारण त्यात एक राखीव चाल शिल्लक असते. घाईने प्यादे पुढे ढकलणारा विद्यार्थी नेमकी हीच चाल गमावतो. उरलेल्या हत्तींची मारामारी करण्यापूर्वीही हा हिशेब करणे अगत्याचे असते.

एक मराठी भूमीतील उदाहरण

2025 च्या जुलै महिन्यात जॉर्जियातील बाटुमी येथे झालेल्या महिला विश्वचषकात नागपूरच्या दिव्या देशमुख विजयी झाल्या. उपांत्य फेरीत माजी विश्वविजेत्या तान झोंग्यी यांच्याविरुद्धचा निर्णायक डाव 101 चालींपर्यंत चालला. त्यात लाभाचे पारडे खाली-वर होत राहिले, तरी देशमुख यांनी प्रयत्न सोडला नाही. कोनेरू हंपी यांच्याविरुद्धच्या अंतिम लढतीतील दोन्ही पारंपरिक डाव बरोबरीत सुटले. 28 जुलै रोजी जलद डावांपैकी पहिलाही बरोबरीत राहिला. दुसऱ्यात वेळेच्या दडपणाखाली हंपी यांच्याकडून अंत्यपर्वात चूक झाली व काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या देशमुख यांनी विजय मिळविला. या विजयाने त्या ग्रँडमास्टर झाल्या. पुढे खेळत राहून प्रतिपक्षासमोर प्रश्न उभे करणे, हेही रूपांतराचेच अंग आहे, हे यावरून दिसते.

निष्कर्ष

देशी पद्धतीच्या खेळात प्याद्याने दिलेली मात विशेष मानाची समजली जाई. 'प्यादेमात' हा शब्द त्याची साक्ष देतो. महाविद्यालयीन शिक्षणात मात्र सुरुवातीच्या चाली पाठ करण्यावरच भर दिसतो. कापाब्लांकाने 1921 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पाठ्यपुस्तकाचा आरंभ साध्या मातींनी आणि प्याद्यांच्या अंत्यपर्वाने केला होता. हा क्रम स्वीकारण्यास खर्च लागत नाही. एक पट, काही प्यादी आणि दोन राजे पुरेसे आहेत. क्रीडा विभागाने आठवड्यातील एक तास यासाठी राखून ठेवल्यास विद्यार्थी बरोबरीचा प्रस्ताव स्वीकारण्यापूर्वी आपल्या राजाचे स्थान तपासू लागतील, आणि साधनांअभावी मागे राहणाऱ्या विद्यार्थ्यांचा हक्काचा अर्धा गुण त्यांना मिळू शकेल.