भात सुटला, साखर सुटेना
बंगळूरच्या पूर्वेकडील के. आर. पुरममध्ये स्थायिक झालेल्या मराठी गृहस्थास मधुमेह जडला, की पहिला सल्ला शेजारून येतो : भात सोडा, रागी मुद्दे खा. रागी म्हणजे आपली नाचणी. मुद्दे म्हणजे तिच्या पिठाचा शिजवलेला गोळा. तो सारात बुडवून न चावता गिळावयाचा.

नाचणी गुणाची खरी. १०० ग्रॅममध्ये ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम, शिवाय भाताहून तंतू पुष्कळ. परंतु तिचाही सुमारे दोन-तृतीयांश भाग पिष्टमयच आहे, आणि पिष्टाची पोटात अखेर साखरच होते. बारीक दळलेल्या पिठाची तर लवकर. दिवसभर नांगर धरणाऱ्यास दोन मोठे गोळे पचत. खुर्चीवर बसणाऱ्याची रक्तशर्करा तेवढ्याने चढते. म्हणून गोळा एकच व लहान घ्यावा. डाळ, मोडाची कडधान्ये, पालेभाजी वाढवावी. जेवणानंतर दोन तासांनी रक्त तपासावे, म्हणजे शेजाऱ्याच्या सल्ल्याची किंमत आकड्यांत कळते.

मात्र इन्सुलिन किंवा औषधे चालू असणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता आहार तोडू नये. साखर एकाएकी उतरली तर दरदरून घाम सुटतो, हात कापतात, शुद्धही हरपते. रोगी शुद्धीवर आहे तोवरच त्यास साखरपाणी पाजावे; त्या घटकेस तेच पथ्य.